फुकट मिळाले, म्हणून चांगले?



मागच्या उन्हाळ्यात बॉल्सब्रिजच्या हर्बर्ट पार्कमध्ये आपली सहल झाली, तेव्हाची गोष्ट. तळ्याकाठी सतरंज्या अंथरल्या, डबे उघडले, आणि डब्लिनच्या रिवाजाप्रमाणे पाच मिनिटे पाऊसही पडून गेला. वडे संपत आले असताना विषय निघाला तो कंपन्यांकडून फुकट मिळणाऱ्या वस्तूंचा. आपल्यातल्या एका वहिनींकडे महिन्याला दोन-तीन पाकिटे येतात. शांपू, कॉफी, भांड्यांचा साबण, आणि एकदा तर घरात कुत्रा नसताना कुत्र्याची बिस्किटे! बदल्यात इंटरनेटवर त्या वस्तूबद्दल चार ओळी लिहायच्या, एवढेच. "आमच्या पोस्टमनला आता आमचं आडनाव न अडखळता म्हणता येतं," असे त्या म्हणाल्या तेव्हा सगळे हसले. पण लगेच चौघांनी "आम्हालाही सांगा, कसं करायचं ते" म्हणून त्यांना गाठले.

मग नजरा आमच्याकडे वळल्या. आम्ही पडलो रसायनशास्त्रातले. "त्या डब्यांत नक्की काय असतं ते तुम्हीच सांगा, आणि अंकात लिहाच," असा हुकूम झाला. लिहितो म्हणालो खरे, पण लिहायला इतके महिने लागले. कारण हा लेख लिहायचा तर आमची स्वतःची एक चूक चारचौघांत सांगणे भाग होते. ती पुढे येईलच.

युक्ती जुनीच आहे

ज्या तळ्याकाठी आपण बसलो होतो, ते तळे एका प्रदर्शनाची आठवण आहे. १९०७ साली मे ते नोव्हेंबर या काळात हर्बर्ट पार्कच्या जागेवर आयरिश आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते आणि सुमारे साडेसत्तावीस लाख लोकांनी ते पाहिले. लोकांना माल दाखवायचा, हाताळू द्यायचा, म्हणजे पुढे तो दुकानातून विकत घेतला जातो, हा धडा व्यापाऱ्यांना तेव्हाही पाठ होता. आज शेजारच्या आरडीएसमधली प्रदर्शने पाहून आपण पिशवीभर पाकिटे घेऊन घरी येतो, तो त्याचाच पुढचा भाग.

आपल्याकडचे उदाहरण तर रोज सकाळी आपल्या कपात असते. १९०३ साली हिंदुस्थानात कायदा करून निर्यातीच्या चहावर उपकर बसवला गेला आणि त्या पैशातून चहाच्या प्रचारासाठी समिती काम करू लागली. पुढे १९३०च्या दशकात तर प्रचारक बाजारात आणि घरोघरी जाऊन चहा कसा करायचा ते दाखवत आणि करून पाजत. आपल्या पणजोबांच्या पिढीत चहाला नाके मुरडणारी माणसे होती. आज पाहुण्याला चहा विचारला नाही तर आपल्याला चुकल्यासारखे होते. सवय लावायची तर पहिला घोट फुकट द्यावा, हे इथे शंभर टक्के खरे ठरले.

मराठी उद्योजकांनीही हा मार्ग वेगळ्या रीतीने चोखाळला. केशव विष्णु पेंढारकर यांनी १९५२ साली परळमध्ये विको सुरू केली, तेव्हा त्यांचे दंतमंजन दारोदार जाऊन विकले गेले. पुढे हळदीचे क्रीम आले. हळदीने चेहरा पिवळा होईल ही शंका घालवण्यासाठी विक्रेते ते स्वतःच्या चेहऱ्याला लावून आणि धुऊन दाखवत, असे सांगतात. ज्याची वस्तू तोच समोर उभा, आणि तो आपली वस्तू चांगली म्हणणार हे ऐकणाऱ्याला माहीत, असा तो सरळ मामला होता.

आणि डॉक्टरकाकांच्या टेबलाचा तो खण कोणाला आठवत नाही? 'फिजिशियन्स सॅम्पल, नॉट टू बी सोल्ड' असा शिक्का असलेल्या गोळ्या काका आपल्याला तशाच देत, आणि आपल्याला केवढा आनंद होई. ती पाकिटे औषध कंपनीने डॉक्टरांना कशासाठी दिली, हा प्रश्न तेव्हा मनात येत नसे. भारत सरकारने मात्र तो विचारला. मार्च २०२४ मध्ये आलेल्या औषध विपणनाच्या संहितेत एका डॉक्टरला एका औषधाची वर्षाला १२ पेक्षा जास्त नमुना-पाकिटे देऊ नयेत, आणि कंपनीने वाटलेल्या सर्व नमुन्यांची किंमत तिच्या देशातल्या वार्षिक विक्रीच्या २ टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, अशी मर्यादा घातली आहे. शिकल्यासवरल्या डॉक्टरांचा हातसुद्धा फुकट पाकिटामुळे प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर वळू शकतो, म्हणूनच ना?

आज हे चालते कसे?

आज डॉक्टरच्या जागी आपण आहोत. आपण दोन ओळी लिहितो आणि त्या वाचून कोणी अनोळखी माणूस खिशात हात घालतो. नमुने मिळण्याचे आम्हाला तीन मार्ग दिसले.

पहिला, कंपन्यांची किंवा त्यांच्या वतीने चालणारी नमुना-मंडळे. आपण नाव, वय, घरातली माणसे, कोणता साबण वापरता वगैरे माहिती भरून देतो. ते आपल्याला पाकिटे पाठवतात. इथे पाकिटाची किंमत आपण माहितीच्या रूपाने आधीच चुकती केलेली असते, हे ध्यानात ठेवावे. मुलांच्या जन्मतारखा तर मुळीच देऊ नयेत.

दुसरा, मोठ्या दुकानांनी स्वतः चालवलेली योजना. ॲमेझॉनची 'व्हाइन' ही योजना २००७ साली सुरू झाली. तिच्यात अर्ज करून शिरता येत नाही, आमंत्रण यावे लागते. वस्तू फुकट मिळते आणि अभिप्रायावर तसे स्पष्ट छापले जाते, हा त्यातला चांगला भाग. व्हाइनच्या बाहेर विक्रेत्यांनी परस्पर फुकट वस्तू देऊन अभिप्राय लिहवून घेण्यावर त्याच कंपनीने २०१६ साली बंदी घातली. मार्च २०२५ पासून आयर्लंडसाठी तिचे वेगळे दुकान उघडले आहे, त्यामुळे आपल्याकडेही हा विषय वाढणार.

तिसरा मार्ग म्हणजे शुद्ध लबाडी. कोणी विक्रेता फोनवर निरोप पाठवतो: "तुम्ही वस्तू विकत घ्या, पाच स्टार द्या, त्याचा फोटो पाठवा, मग तुमचे पैसे परत." दुकानाच्या नोंदीत आपण पैसे मोजलेले सच्चे गिऱ्हाईक दिसतो. कधी पैसे परत येतात, कधी निरोप पाठवणाराच गायब होतो. त्याच्याकडे दाद मागायची सोय नाही, कारण मागायला गेलो तर आपलीच चोरी उघडी पडते. या वाटेला कोणीही जाऊ नये, एवढेच सांगतो.

आमची चूक

आता आमचे. दोन वर्षांपूर्वी एका विक्रेत्याने आम्हाला चेहऱ्याच्या क्रीमची एक डबी पाठवली. त्याचे नाव इथे देत नाही. सोबत गोड पत्र होते: आपल्यासारख्या तज्ज्ञांचे मत आम्हाला मोलाचे वाटते, वगैरे. हरभऱ्याच्या झाडावर चढायला आम्हाला तेवढे पुरले. चार दिवस क्रीम वापरले. वास छान, पोत मऊ, चेहरा तजेलदार वाटला. पाच स्टार दिले आणि त्याखाली ऐटीत लिहिले की आम्ही रसायनशास्त्रात डॉक्टरेट केली आहे. डबी फुकट मिळाली, हे मात्र लिहिले नाही. खोटे बोलायचा हेतू नव्हता. ते सांगण्यासारखे आहे असे सुचलेच नाही.

पुढे गणपतीच्या कार्यक्रमात आपल्यातल्या एक वहिनी भेटल्या. आरतीला त्या मागे, खांबाआड उभ्या होत्या. दोन्ही गाल लाल होऊन सालपटे निघालेली. बहिणीच्या लग्नासाठी पुण्याला जायचे म्हणून त्यांनी ते क्रीम मागवले होते आणि सहा आठवडे लावले होते. आम्ही विचारले, "पण हेच का घेतलंत?" त्या म्हणाल्या, "अहो, तुमचंच नाव होतं ना खाली. तुम्ही एवढे शिकलेले, तुम्ही लिहिलंत म्हणून घेतलं."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, हेच आम्हाला जास्त लागले.

घरी येऊन आमची डबी बाहेर काढली आणि पहिल्यांदा नीट वाचली. घटकांची यादी नव्हती. युरोपातल्या कोणाचाही पत्ता नव्हता. बॅच नंबर नव्हता. म्हणजे प्रयोगशाळेत जिथे लेबल नसलेली बाटली आम्ही हातात धरणार नाही, तिथे घरी लेबल नसलेले क्रीम तोंडाला फासले आणि वर शिफारसही केली! त्या डबीत काय होते ते आम्हाला आजही सांगता येणार नाही. रसायनशास्त्रज्ञाच्या नाकात काही यंत्र बसवलेले नसते. वासावरून आणि पोतावरून पारा ओळखता येत नाही.

वहिनींना त्यांच्या डॉक्टरकडे नेले. क्रीम बंद केल्यावर दोन-तीन महिन्यांत त्वचा सुधारली, पण लग्नाच्या फोटोंत त्या कुठेच नाहीत. आम्ही अभिप्राय काढून टाकला आणि सौंदर्यप्रसाधनांवर देखरेख करणाऱ्या एचपीआरए या इथल्या सरकारी संस्थेला कळवले. आपल्यापैकी कोणालाही तिथे असे कळवता येते. आमचा अभिप्राय वाचून आणखी किती जणांनी ती डबी घेतली, ते मोजायला मात्र काही साधन नाही.

खाल्ल्या मिठाला कोणाकडे जागावे?

यावर आम्ही पुष्कळ विचार केला. आम्हाला कोणी लाच दिली नव्हती. डबीची किंमत पंधरा युरोसुद्धा नसेल. मग तारा कापायला हात का धजला नाही? आम्हाला वाटते, उत्तर आपल्या संस्कारात आहे. खाल्ल्या मिठाला जागावे, असे आपल्याला लहानपणापासून शिकवले आहे. कोणी भेट दिली तर तिच्यात खोट काढणे हा उद्धटपणा. पाहुणचार घेतल्यावर आमटी खारट झाली असे कोणी म्हणत नाही. हा गुण चांगलाच आहे, आणि कंपन्यांना तो पक्का ठाऊक आहे. पाच स्टार द्या असे त्यांना सांगावेही लागत नाही. आपण आपणहून मिंधे होतो.

पण मीठ खाल्ले कोणाचे, याचा हिशेब पुन्हा मांडून पाहा. विक्रेत्याने डबी दिली ती वाचणाऱ्याच्या विश्वासाच्या भांडवलावर. तो विश्वास नसता तर आमचे मत कोणी फुकटही घेतले नसते. म्हणजे ऋण असलेच तर ते वाचणाऱ्याचे.

आपल्या मासिकांनी हे पूर्वीपासून सांभाळले आहे. परीक्षणासाठी पुस्तकाच्या दोन प्रती पाठवाव्यात, अशी सूचना मराठी मासिकांत असे. आलेल्या पुस्तकांची नावे 'साभार पोच' म्हणून छापली जात. प्रत मोफत आली हे वाचकांना उघड माहीत असे, आणि तरीही परीक्षक पुस्तकाची सालटी काढायला मोकळा असे. फुकट घेणे हा दोष नव्हे. घेतलेले लपवणे, आणि घेतले म्हणून गप्प बसणे, हे दोष.

काही संस्था तर फुकट घेतच नाहीत. अमेरिकेतली 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' चालवणारी संस्था १९३६ची आणि ब्रिटनमधले 'विच?' १९५७चे, दोन्ही ठिकाणी तपासायची वस्तू साध्या गिऱ्हाइकासारखी दुकानातून विकत आणतात. मुंबईत नऊ गृहिणींनी १९६६ साली कन्झ्युमर गायडन्स सोसायटी काढली, आणि १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीने तर घराघरांचे गट करून महिन्याचे सामान एकत्र खरेदी करण्याची पद्धत रुजवली. आमच्या वयाच्या पुष्कळ मुंबईकरांनी लहानपणी पंचायतीचे सामान आले की गटातल्या घरांची ती वाटणी पाहिली असेल. एकमेकांना विचारून घेणे ही आपली जुनी चाल आहे. इंटरनेटवरचा अभिप्राय ही तिचीच मोठी आवृत्ती. म्हणून ती नासू देऊ नये.

कायदा आणि कर, थोडक्यात

आयर्लंडचा ग्राहक हक्क कायदा २०२२ हा त्या वर्षीच्या २९ नोव्हेंबरपासून लागू आहे. खोटे अभिप्राय देणे किंवा दुसऱ्याकडून लिहवून घेणे व्यापाऱ्याला त्यात मना आहे. शिवाय ऑक्टोबर २०२३ मध्ये ग्राहक आयोगाने (सीसीपीसी) जाहिरात मानक संस्थेबरोबर मिळून समाजमाध्यमांवर वस्तूंची शिफारस करणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका काढली. तिच्याप्रमाणे अशा मजकुरावर ठळकपणे 'ॲड' किंवा आयरिश भाषेत 'फोग्रा' असे लिहायचे. भारतात जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली असेच नियम केले, आणि २०२२च्या नोव्हेंबरात भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणले.

कराचेही पाहावे लागते. अमेरिकेतल्या नातेवाइकांना सांगा, तिथे व्हाइनमधून आलेल्या वस्तूंची किंमत उत्पन्न म्हणून कळवली जाते. भारतात १ जुलै २०२२ पासून १९४ आर हे कलम लागू झाले, तेव्हा वर्षाला २०,००० रुपयांवरच्या अशा व्यावसायिक लाभांवर १० टक्के कर कापण्याची तरतूद आली. वस्तू ठेवून घेतली तर लाभ, परत केली तर नाही, असा खुलासाही झाला. इथे अधूनमधून शांपू मिळणाऱ्याने घाबरू नये, पण ज्यांचा हा धंदाच झाला आहे त्यांनी हिशेबनिसाला विचारावे.

डबी उघडण्यापूर्वी

आता ज्यासाठी तुम्ही लिहायला सांगितलेत, ते. फ्रीजवर लावून ठेवा.

१. क्रीम, शांपू, काजळ यांवर युरोपीय संघातल्या जबाबदार व्यक्तीचे किंवा कंपनीचे नाव-पत्ता, बॅच नंबर, सूचना आणि घटकांची यादी असलीच पाहिजे. फुकट नमुन्याला वजन लिहिण्यापासून सूट आहे. बाकीची माहिती टाळायला 'हा तर नमुना आहे' ही सबब चालत नाही. डबी फार लहान असेल तर घटकांची यादी सोबतच्या कागदावर चालते.

२. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते; एक टक्क्याहून कमी असलेले घटक शेवटी कोणत्याही क्रमाने येतात. पुठ्ठ्यावर कोरफडीचे मोठे चित्र आणि यादीत कोरफड अगदी तळाशी असेल, तर काय ते समजा.

३. 'गोरे करणारे' काहीही आले तर दहा वेळा विचार करा. पारा आणि हायड्रोक्विनोन यांना युरोपात त्वचा उजळवणाऱ्या प्रसाधनांत बंदी आहे. तरी चोरवाटेने येणाऱ्या डब्यांत ते सापडतात, आणि कधी तीव्र स्टिरॉइडेही सापडतात. पाऱ्याने मूत्रपिंडांना इजा होते, स्टिरॉइडांनी त्वचा पातळ होते. पहिले काही दिवस चेहरा छान दिसतो, हीच त्यातली मेख. आमच्या चार दिवसांच्या परीक्षेला म्हणूनच काही अर्थ नव्हता.

४. विजेच्या वस्तू आणि खेळणी यांवर सीई खूण हवी. क्रीमवर आणि खाद्यपदार्थांवर ही खूण नसते. असलीच तर छापणाऱ्याला नियम माहीत नाहीत असे समजावे. आपल्या तीन पिनांच्या प्लगऐवजी भलताच प्लग आणि सोबत ढिला ॲडॅप्टर आला, तर वस्तू वापरू नका.

५. खाण्याच्या पाकिटावर शेंगदाणे, तीळ, दूध, गहू यांसारखे ॲलर्जी आणणारे घटक यादीत उठून दिसतील असे छापायचे असतात. मंडळाच्या कार्यक्रमात दुसऱ्याच्या मुलाला नमुना देण्यापूर्वी ते वाचा.

६. लिहाल तेव्हा पहिल्याच ओळीत 'ही वस्तू मला फुकट मिळाली' असे लिहा. किती दिवस वापरली ते लिहा. एक तरी उणीव लिहा. निर्दोष वस्तू आम्ही अजून पाहिलेली नाही. आणि आपली पदवी त्या कामाची नसेल तर ती घरी ठेवा.

आणि आता आपल्या मंडळाचे

हा लेख याच अंकात येण्याला आणखी एक कारण आहे. दिवाळीच्या कार्यक्रमाला येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला आपल्या मालाचे एक पाकीट फुकट देण्याची तयारी एका विक्रेत्याने दाखवली आहे. बदल्यात या अंकात चार चांगले शब्द छापावेत, अशी त्याची अपेक्षा आहे. कार्यकारिणीत दोन मते पडली. एक मत असे की हॉलचे भाडे वाढले आहे, लोकांना पाकीट आवडेल, चार शब्दांनी कोणाचे काय बिघडते? ते मत मांडणारे आमचे मित्र आहेत आणि मंडळाचा जमाखर्च तेच सांभाळतात, तेव्हा त्यांची अडचण आम्हाला कळते.

आमचे मत मात्र त्या खांबाआड उभ्या राहिलेल्या वहिनींपाशी अडकले आहे. ही चार झेरॉक्सची पाने कोणी सौंदर्यासाठी वाचत नाही. नव्याने आलेले कुटुंब ती वाचते, कारण आपल्या माणसांनी लिहिली आहेत. डॉक्टर कुठला, शाळा कशी, डाळ कुठे मिळते, हे आपण सांगितले की ते तसेच करतात. तो भरवसा एका पाकिटाला देऊ नये.

म्हणून आम्ही असे सुचवतो: पाकिटे जरूर घ्यावीत, लेबले वाचून वाटावीत. विक्रेत्याला पाहिजे तर शेवटच्या पानावर चौकट द्यावी, वर 'जाहिरात' असे लिहून आणि रीतसर पैसे घेऊन. आतल्या पानांत मात्र आपण पैसे मोजून घेतलेल्या किंवा फुकट मिळाल्याचे स्वच्छ सांगितलेल्या वस्तूंबद्दलच लिहावे. तसे एक छोटे सदर सुरू करायची आमची तयारी आहे. पहिला मजकूर त्या क्रीमबद्दलच असेल.

वहिनींनी हा लेख छापण्यापूर्वी वाचला आणि त्यांच्याबद्दल लिहायला परवानगी दिली, त्याबद्दल त्यांचे आभार. वाचून त्या एवढेच म्हणाल्या, "छान लिहिलंय. किती स्टार देऊ?"

पुढच्या सभेत या प्रश्नावर हात वर करून निर्णय घ्यायचा आहे. जरूर या, आणि विरुद्ध मत असेल तर तेही घेऊन या.